मासिकातलं पीक

शेतीमासिकाची वार्ताहर नित्या कुंभकोणमहून सकाळीच तिरुविसनल्लूरला आली आणि हनुमंतरावांच्या ओसरीवर वही उघडून बसली.

"मामा, शेतकऱ्यांना आमच्या मासिकात काय वाचायला हवंय, ते विचारत फिरतेय. हवामान, बाजारभाव की नवी बियाणी?"

हनुमंतराव गोंधळले. "ते मला कसं सांगता येईल, अम्मा? पण गेल्या महिन्यात तुम्ही माझ्या जुन्या उंच वाणाच्या भातावर लिहिलंत ना?"

"हो! खूप फोन आले त्या लेखावर."

"अंक आला त्याच आठवड्यात वारापाऊस झाला. सगळं पीक आडवं पडलंय. निम्मंसुद्धा हाती लागणार नाही."

नित्याचा चेहरा उतरला. "मला कळवायचं तरी!"

"येईल त्याला सांगतोच आहे. काल तिरुनागेश्वरमचे दोघे भाऊ आले. म्हणाले, कापणी झाली की आम्हाला बी द्या. मी म्हटलं, हे वाण लावू नका, माझं पीक लोळलं. तर त्यांनी तुमचा अंक उघडून माझाच फोटो माझ्यापुढे धरला. म्हणाले, बी द्यायचं नसेल तर तसं सांगा, खोटं कशाला बोलता?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? इतक्या ठामपणे बोलत होते, अम्मा, की ते गेल्यावर मी पुन्हा एकदा शेतावर जाऊन बघून आलो."