कामाची वर्तुळं

“थकव्याची करू की घराण्यातली?” धाकट्या जावेने ब्रश हातात घेऊन विचारलं. पार्लरमध्ये तिने आजवर डोळ्यांखालची काळी वर्तुळं झाकलीच होती. मुद्दाम रंगवून मागणारी ही थोरली पहिलीच.

“त्यातही फरक असतो?”

“असतो तर! घराण्यातली तपकिरी, पार पापण्यांपर्यंत. डोळे चोळून आलेली जाडसर, सुजल्यासारखी. थकव्याची निळसर, खोल गेलेली.”

“मग थकव्याची कर. चांगली दोन वर्षांची दिसली पाहिजेत.”

थोरली विम्याच्या ऑफिसात होती. विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली होती आणि अकराला मुलाखत होती. कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या निम्म्या फायलीही तीच निपटायची. पण साहेबांची पारख वेगळी. गेल्या बैठकीत त्यांनी त्या सहकाऱ्याच्या डोळ्यांखालच्या काळेपणाकडे बोट दाखवलं होतं. “याला म्हणतात वाहून घेणं!”

सहकारी तसा सरळ माणूस. “वडिलांनाही आहेत, साहेब,” तो म्हणाला. “त्यात मला धुळीची ॲलर्जी. सारखे डोळे चोळतो.”

साहेब गहिवरले. “आणि विनय बघा किती!” मग ते तिच्याकडे वळले. “तुम्ही मात्र कशा टवटवीत! काम बेताचंच दिसतंय.” हे तिच्या फार जिव्हारी लागलं होतं.

अकराला ती साहेबांसमोर बसली. जावेने जीव ओतला होता. दारावरचा शिपाईसुद्धा तिला बघून पाण्याचा ग्लास घेऊन धावला होता. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि तिच्याकडे टक लावून पाहिलं. जागा आपलीच, तिला वाटलं.

“अरेरे,” साहेब हळहळले. “घरी काही बिनसलंय का?”

“नाही साहेब, हे कामामुळे...”

“असू दे, असू दे. घर, मुलं, सगळं बघायचं म्हणजे ओढाताण होणारच. त्यात तुमच्यावर आणखी जबाबदारी टाकली तर मला पाप लागेल. ती जागा मी त्यालाच देतोय. तुम्ही आठ दिवस रजा घ्या.” त्यांनी आपल्या हाताने रजेचा अर्ज पुढे सरकवला.

तिने तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, “फक्त जाण्याआधी त्याच्याही फायली उरकून जा. झोप नाही हो बिचाऱ्याला.”