खालचा सूर

केंटकीच्या त्या खोऱ्यात रेडिओची बॅटरी आठवडाभर जपायची ती शनिवारच्या गाण्यांसाठी. धाकट्या लेकीला, ऑर्फाला, परवाच पुरलं होतं, तरी आईने रेडिओ पडवीत आणून ठेवला, कारण थोरली व्हेस्टा आज शहरातून रेडिओवर प्रथमच बहिणीशिवाय एकटी गाणार होती. निवेदकाची पिठाची जाहिरात संपेना. “मेल्याचं पीठ काही थांबत नाही,” शेजारची हल्डा पुटपुटली. मग बॅन्जो वाजला, व्हेस्टा गाऊ लागली. “अगं बाई, पोर चाल चुकतेय!” हल्डा म्हणाली. “चुकत नाहीये. दोघी गाताना ती कायम खालचाच सूर गायची,” आई म्हणाली. “चाल ऑर्फाच्या गळ्यात होती.” दुसऱ्या ओळीला व्हेस्टाचा आवाज कापरा झाला. “गा गं बाळा, अख्खा मुलूख ऐकतोय,” म्हणत आईने खुर्ची रेडिओपाशी ओढली आणि फाटक्या आवाजात स्वतःच चाल धरली. पडवीत जमलेल्या शेजाऱ्यांनी गाणं दोन्ही सुरांत पूर्ण ऐकलं. दूर शहरात मंचावरल्या व्हेस्टाला ते ऐकू येणार नव्हतं.