दहावं नाव

"पटावर नऊच नावं झाली," नवी शिक्षिका मिस लोव्हेल म्हणाली. "जिल्ह्याचा नियम दहाचा आहे. उद्या दुपारपर्यंत दहावं मिळालं नाही, तर मी घोडागाडीनं परत जाते. शाळा बंद."

"मिळेल, बाई," एलर्ट स्कोगेन म्हणाला आणि त्याने तिच्यापुढे कॉफीचा पेला सरकवला.

अमेरिकेतल्या डाकोटाच्या त्या माळावरची पहिली लाकडी भिंत एलर्टने उभी केली, ती त्याच्या या दुकानाची, जिथं दोघं आता बसले होते. मग पिठाची गिरणी आली, मग चर्च, आणि आता शाळा. नॉर्वेहून येणारा प्रत्येक जण आधी त्याच्याच दारात उतरे. टपालही तिथेच येई. एलर्ट सगळी पत्रं लांब फळीवर पसरून ठेवी, ज्याने त्याने आपलं शोधून न्यावं. "माझ्या गावात चोर नाहीत," असं तो म्हणे आणि माणसं सुखावत. पाद्री महिन्यातून एकदाच येई. एरवी रविवारी प्रवचनाचा ग्रंथ वाचण्याचा मान गावच्या पुढाऱ्याचा, पण एलर्ट तो दर वेळी गुलब्रांड नावाच्या शेतकऱ्याला देई. एवढा मोठा माणूस, पण मीपणा कसा तो नाही, असं बायाबापड्या म्हणत.

त्या मानामुळे गुलब्रांड जरा फुगला होता, हेही खरं. शाळेच्या वयाची उरलेली एकुलती एक मुलगी त्याच्याच घरात होती. एलर्ट त्याच्या गोठ्यावर गेला.

"पोर शाळेत बसली तर गाई कोण पिळणार? तुम्ही?" गुलब्रांडने विचारलं.

"पिळीन की."

"थट्टा पुरे, एलर्टभाऊ. तिला लिहावाचायला मी शिकवतो घरी. आणि तुम्हाला ना मूल ना बाळ, तुम्हाला शाळेचं एवढं वेड कशाला? तुम्ही काय शाळेच्या जोरावर मोठे झालात?"

"नाही," एलर्ट म्हणाला. "त्या जोरावर नाही."

"मग झालं तर."

एलर्ट आणखी काही बोलणार होता, पण गुलब्रांड बादली उचलून आत गेला. वीस वर्षांत एलर्ट टोळधाडीला भ्याला नव्हता, हिमवादळाला नाही. आज मात्र घरी जाताना तो शाळेच्या दारापर्यंत गेला आणि तिथूनच परत फिरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सारं गाव शाळेपाशी जमलं. नऊ मुलं बाकांवर बसली होती. गुलब्रांड हाताची घडी घालून दारात उभा होता. मिस लोव्हेलची पेटी बांधून तयार होती.

"मिळालं का दहावं?" तिने विचारलं.

"बाई, नियमात वय लिहिलंय का कुठं?"

"वय नाही. फक्त नावं."

एलर्टने टोपी काढली. पहिल्या बाकावर पोरांच्या शेजारी तो कसाबसा मावला. त्याचे गुडघे हनुवटीला टेकले.

"मग लिहा, एलर्ट स्कोगेन," तो म्हणाला. "आणि ते कसं लिहितात, ते मला दाखवा."