ध्रुवाची उंची

“आज्जी, डोक्यावर काय बघतीस? ध्रुव तिथं नाही.”

तांबरमच्या घराच्या गच्चीत खुर्ची टाकून सकवारबाई मघापासून मान वर करून बसल्या होत्या. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. दिसत होते ते विमानांचे दिवे तेवढे.

नात कीर्तना अंबत्तूरच्या ऑफिसातून आज लवकर आली होती. तिन्हीसांजेला तिनं कॅमेरा स्टँडवर चढवला आणि उत्तरेकडं तोंड करून ठेवला. तासभर तो अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे फोटो घेत होता. आता ते सगळे एकावर एक बसवून एकच चित्र करण्याचं काम लॅपटॉपवर चाललं होतं.

“सरी, झालंच, आता पाचच मिनिटं,” ती म्हणाली. “पण तुला ध्रुवच का हवा? परवा मी शनी दाखवला तर बघितलाही नाहीस.”

“शनी मला नको. तंजावरला लग्नात ह्यांनी ध्रुव दाखवला, मी दिसला म्हटलं. भर दुपारी. अग्नी साक्षीला, आणि मी खोटं बोलले. जायच्या आधी तेवढं खरं करायचं आहे.”

“अय्यो, सगळ्याच नवऱ्या मुली तसं म्हणतात.”

“त्यांचं त्या बघतील.”

कीर्तना हसली. “आणि आजोबांनी कुठं दाखवला?”

“मांडवामागं स्वयंपाकघर होतं, त्याच्या भिंतीकडं. हात जेमतेम खांद्याएवढा. माझ्या बहिणी म्हणाल्या, भावोजींना भूक लागलीय.” सकवारबाईंनी पदर सारखा केला. “पुढं हे कीर्तन करायचे, त्यातही तेच. ध्रुवबाळाला अढळपद मिळालं की ह्यांचा हात सरळ समोर, मागच्या रांगेच्या डोक्यावर. पोरं वळून दाराकडं बघायची. मी मागं झांजा घेऊन उभी, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा घरी आल्यावर सांगितलं. देवानं पोराला एवढं उंच नेऊन बसवलं, अहो, तुम्ही हात तरी वर करा.”

“रागावले?”

“छे. म्हणाले, बरं. मग शेवटच्या कीर्तनापर्यंत हात वरच.”

लॅपटॉपवर चित्र उमटलं. कीर्तनानं तो आज्जीच्या मांडीवर ठेवला आणि चित्र मोठं केलं. खाली शेजाऱ्यांची पाण्याची काळी टाकी. तिच्यावर ताऱ्यांच्या बारीक बारीक कमानी, एकीत एक. आणि सगळ्यांच्या मधोमध, टाकीच्या झाकणाच्या जरा वर, एक ठिपका. जागचा न हललेला.

“हा?”

“हाच.”

सकवारबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. “इतका खाली?”

“आपल्याकडं एवढाच वर येतो, आज्जी. काशीला गेलीस तर पुष्कळ उंच दिसेल. तंजावरला तर इथल्याहूनही खाली.” ती बोलता बोलता थांबली. “ते स्वयंपाकघर मांडवाच्या कुठल्या अंगाला होतं?”

सकवारबाईंनी डोळे मिटले. तुळस पूर्वेला. तुळशीकडं तोंड केलं की विहीर उजव्या हाताला, म्हणजे दक्षिणेला. स्वयंपाकघर विहिरीच्या बरोबर समोर.

“उत्तरेला,” त्या म्हणाल्या.

खालून गाडीचा भोंगा ऐकू आला.

“हात बरोबर होता, हे ह्यांनी कधी सांगितलं नाही ग मला. वर करा म्हटलं, केला.”

“आज्जी, आता तरी दिसला म्हण. खरं झालं ना?”

सकवारबाईंनी लॅपटॉप तिच्या हाती दिला. कठड्याला धरून त्या उठल्या, टाकीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. उजवा हात त्यांनी डोक्याच्याही वर नेला, अगदी शेवटच्या कीर्तनात ह्यांनी नेला होता तसा. मग तो सावकाश खाली आणला, खांद्याएवढा, आणि तिथं धरून ठेवला.