चाकाला लावलेला दगड

आमच्याच जुन्या पिकअपखाली सापडून बाबा गेले. हँडब्रेक सुटला, असं सगळे म्हणाले. आता ती दादा चालवणार होता, म्हणून मी मेकॅनिकला बोलावलं.

त्याने गाडी बाबा गेले त्याच उतारावर, तोंड खाली करून लावली, हँडब्रेक ओढला आणि मागून खांदा लावून ढकलली. ती तसूभरही हलली नाही.

"ब्रेक ठणठणीत आहे, ताई," गाडीच्या दारापाशी येत तो हसला. "बिचारीवर उगाच आळ."

"बाबा पुढच्या चाकाला दगडही लावायचे. त्या दिवशीही तो जागचा हलला नव्हता."

"मग गाडी खाली आलीच कशी?"

"खाली नाही आली. बाबा गाडीच्या मागे होते, चढावर. मी आत्ता उभी आहे तिथे."

त्याचं हसू मावळलं. किल्ली त्याच्याच हातात होती.

"ताई," तो हळूच म्हणाला, "बाजूला व्हा."

मागचं चाक चढाकडे फिरू लागलं होतं.