धुतलेलं इंजिन

खंडेनवमीची पूजा मांडून झाली होती. पाटावर विळा, कोयता, पान्हा, शिवणाची कात्री अशी रांग होती आणि रांगेच्या शेवटी वीतभर लांबीचं रेल्वेचं डिझेल इंजिन. हळदीकुंकू लावलेलं, टपावर झेंडूचं फूल ठेवलेलं आणि नव्या नवरीसारखं लख्ख. अनुपमा उंबऱ्यातच थबकली. शिक्रापूरच्या खोलीवरून सणासाठी म्हणून ती नुकतीच दौंडला घरी पोचली होती. खांद्यावरची बॅगही अजून उतरली नव्हती.

"आत्या, हे कुणी धुतलं?" तिनं सासूला विचारलं.

"मीच की," बानूबाई कौतुकानं म्हणाल्या. "सनासुदीला असलं मळकं देवापुढं मांडत्यात व्हय? भांड्याच्या साबनानं घासलं, मग ह्यांच्या जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसलं. लई घान निघाली बघ."

ती घाण करायला अनुपमाचे उन्हाळ्यापासूनचे सगळे रविवार गेले होते. आठवडाभर कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये पत्र्यावरचे डाग हुडकायचे आणि सुट्टीला घरी येऊन चांगल्या रंगवलेल्या इंजिनावर डाग पाडायचे, हा तिचा उफराटा उद्योग घरात चेष्टेचा विषय होता. पण हौसेला मोल नसतं. आधी तिनं पितळी पत्रा कापून इंजिन उभं केलं, रंगवलं, आणि मग मळवायला घेतलं. रेल्वे यार्डाच्या भिंतीकडची माती वस्त्रगाळ केली. पाटसच्या साखर कारखान्याच्या चिमणीतून उडालेली काजळी डबीत जपून ठेवली. तेलाचे ओघळ बारीक कुंचल्यानं एकेक करून सोडले. दसरा झाला की पुण्यात अशा नमुन्यांचं प्रदर्शन होतं. तिथल्या बक्षिसाची तिला फारशी पडली नव्हती. तिला हवा होता सासऱ्यांचा होकार.

तिच्या सासऱ्यांनी, रखमाजींनी, दौंडच्या यार्डात वर्षानुवर्षं हेच इंजिन चालवलं होतं. ते कधीच भंगारात गेलं, आणि घरात त्याचा धड एक फोटोही नव्हता. त्यांना विचारून विचारूनच अनुपमानं हा नमुना घडवला होता. दर सुट्टीला ती तो त्यांच्यापुढं ठेवी. ते चष्मा पुसत, इंजिन फिरवून फिरवून बघत आणि दर वेळी तेच म्हणत, "झ्याक झालंय. पन आपलं न्हाई."

काय कमी आहे, ते त्यांनाही सांगता येत नसे. म्हाताऱ्यालाही त्याचा ध्यासच लागला होता. जेवता जेवता हातात घास धरून विचार करीत बसत. एकदा धूर कमी म्हणाले, एकदा तेल जास्त म्हणाले. तिनं काजळी वाढवली, तेल कमी केलं. तरी आपलं न्हाई ते न्हाईच. त्यांनी हो म्हटलं की मळ पक्का बसावा म्हणून ती वरून वार्निशचा हात मारणार होती. तो राहिला होता, म्हणून तर साबणाला फावलं.

अनुपमानं रागवावं, तर सासू इतक्या निर्मळ मनानं समोर उभी. आणि प्रदर्शन आता तोंडावर आलेलं. ती पाटाजवळ बसली आणि काय उरलंय ते तरी बघावं म्हणून तिनं इंजिन हातात घेतलं.

बघतच राहिली. बाजूचे पत्रे उजळले होते, पण दाराच्या फटीत, पत्रा जोडणाऱ्या रिबिटांच्या बुडाशी, जाळीच्या खाचांत काळं तसंच बसलं होतं. फडकं पोचलं तिथवर रंग, बोट जात नाही तिथं मळ. ड्रायव्हरच्या खिडकीखाली तर बानूबाईंनी एवढा जोर लावला होता, की रंग झिजून पितळ दिसू लागलं होतं. अनुपमाला नवल वाटलं. हे धुतलेलं इंजिन तिच्या मळक्या इंजिनापेक्षा जुनं कसं दिसत होतं?

रखमाजी आंघोळ करून पूजेला आले आणि तिच्या हाताकडं बघत खालीच बसले. त्यांना चष्मा पुसायचंही सुचलं नाही. इंजिन घेऊन त्यांनी खिडकीखालच्या झिजल्या जागेवर अंगठा ठेवला आणि तो तिथंच फिरवत राहिले.

"मामा, आत्यांनी सगळं पुसून काढलं," अनुपमा म्हणाली.

"मीबी रोज पुसायचो," रखमाजी म्हणाले. "ड्युटीवर चढलं की आदी फडकं. त्यात सांगन्यासारखं काय, म्हनून बोललो न्हाई कवा." मग ते हळूच म्हणाले, "हे आपलं हाय."

होकार मिळाला होता. पण अनुपमाला राहवेना. "मग आधी काय कमी होतं, मामा?"

"आदी ह्याच्यावर ड्युटीला कुनी नव्हतं."

बानूबाईंना यातलं काहीच कळलं नाही. नवऱ्याला धुतलेलं आवडलंय, एवढं मात्र कळलं, आणि त्यांना हुरूप आला. कोपऱ्याकापऱ्यातलं तेवढं राहिलंय, ते सुईनं काढून देते, असं म्हणत त्या आत गेल्या. रखमाजींनी इंजिन दोन्ही हातांनी पोटाशी धरलं, आणि त्या सुई घेऊन समोर येऊन बसल्या तरी सोडलं नाही.