रंगूबाईला आवतण

कळव्याच्या खाडीलगतच्या आळीत मांडव भरला होता. कऱ्हाडहून आलेली हरिहरची आत्या उठून भाच्याच्या पाटाजवळ आली.

"भटजी कुठायत रं?"

"भटजी नाहीत, आत्या. या आवडाबाई, धवलारीण. यांच्यात लग्न ह्याच लावतात, गाऊन."

"गाऊन?" आत्यानं ओठ मुडपले. "मग गावात जाऊन काय सांगू? पोराचं लगीन गाण्यावर लागलं?"

"तेच सांग."

शेजारच्या पाटावर रतन खाली बघत राहिली. ठाण्याच्या शाळेत शिकवायला लागल्यापासून आपली आई धवलारीण आहे हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. हरिहरला कळलं तेव्हा तो सरळ तिच्या आईसमोर जाऊन बसला. गाण्यातल्या एकेका ओळीचा अर्थ तो रतनला विचारी, आणि त्याला सांगता यावा म्हणून रतन आईला. असं करता करता ओळी तिला पाठ झाल्या. आई श्रावणात गेली. वर्षाच्या आत लग्न व्हायला हवं, म्हणून आजचा मांडव.

आवडाबाईनं एकवीरेला बोलावलं, गावदेवीला बोलावलं. मग घरातल्या गेलेल्या माणसांना आवतण द्यायची वेळ आली, तशी ती थांबली.

"रतन, तुझे आयशीला मी नाय बोलवाची. तिनाच माना शिकवलंय. तू बोलव."

व्हिडिओवाल्यानं दिवा रतनच्या तोंडावर धरला. मागे शाळेतल्या बाई बसल्या होत्या.

"येत नाही का?" हरिहरनं हळूच विचारलं.

"येतं."

"मग?"

रतननं तोंडावरच्या मुंडावळ्या बाजूला सारल्या. आवाज निघाला तो आईच्याच चढ्या पट्टीत. 'रंगूबाय गो, मांडवान ये.' आईनंतर आजीचं नाव, जनाबाईचं. मग तिच्याही आधीच्या धवलारणींची. आळीतल्या बायकांनी मागून ओळ उचलली. रतनचे गाल ओले झाले होते, पण मान वर होती.

आत्या अजून उभीच होती. ती गुडघ्यावर हात टेकत रतनजवळ बसली.

"ह्याच्या बापालाबी बोलाव की, माझ्या दादाला. परशुराम म्हन," ती म्हणाली. "आन् जरा मोठ्यानं. लांबनं यायचंय त्याला."